परदेशात राहताना छोटी दुचाकी चालवायची असेल तर कोणता परवाना लागतो?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची चोवीस वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या नोकरीसाठी जपानमधील नागोया शहराजवळ जाणार आहे. कंपनीने दिलेले घर रेल्वे स्थानकापासून सहा किलोमीटरवर असून बस कमी आहेत, त्यामुळे तिला तेथे एखादी छोटी स्कूटर घ्यायची आहे. तिच्याकडे नागपूरच्या आरटीओचा परवाना असून त्यावर बिनगिअरची दुचाकी आणि चारचाकी असे दोन वर्ग आहेत. तिकडच्या ओळखीच्या मंडळींनी ५० सीसीच्या गाडीला परवाना लागत नाही असे सांगितले आहे, आणि येथील एका एजंटाने तीन वर्षे चालणारे ‘इंटरनॅशनल लायसन्स’ घरपोच देण्याची तयारी दाखवली आहे. या दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, असे ताई विचारतात.

मी नागपूरच्या न्यायालयात मोटार अपघात दाव्यांची वकिली करतो आणि परदेशी निघालेल्यांची परवान्याची कागदपत्रे तपासून देण्याचे कामही बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिले उत्तर स्पष्ट देतो: दोघांवरही विश्वास ठेवू नये. जपानमध्ये ५० सीसीच्या गाडीलाही परवाना लागतो, आणि जपानसाठी तीन वर्षांचा वैध आंतरराष्ट्रीय परवाना असूच शकत नाही. तिला तेथे कायदेशीररीत्या स्कूटर चालवता येईल, मात्र त्यासाठी निघण्यापूर्वी नागपुरात आणि पोहोचल्यावर पहिल्या वर्षाच्या आत तेथे, अशी दोन्हीकडची कामे वेळेवर करावी लागतील.

छोट्या गाडीला परवाना लागत नाही हा समज कोठून येतो, ते आधी पाहू. आपल्याकडे २५० वॅटपर्यंत शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक वेग नसलेल्या विजेच्या स्कूटरला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन मानले जात नाही. तिला परवाना लागत नाही, आणि शाळकरी मुले अशा गाड्या चालवताना नागपुरात रोज दिसतात. व्हिएतनाममध्ये ५० सीसीच्या आतील गाडी खरोखरच परवान्याशिवाय चालवता येते. खुद्द जपानमध्येही जुलै २०२३ पासून, ताशी २० किलोमीटरची मर्यादा असलेल्या ठराविक प्रकारच्या विजेच्या किकबोर्डला (उभे राहून चालवायच्या छोट्या स्कूटरला) सोळा वर्षांवरील व्यक्तीसाठी परवाना लागत नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांची सरमिसळ होऊन ‘पन्नास सीसीला काही लागत नाही’ असे एक सोयीचे वाक्य तयार होते आणि ते कोणत्याही देशाला लावले जाते. भारतातही ते कधी खरे नव्हते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ मध्ये ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी वयाची अट अठराऐवजी सोळा ठेवली आहे. सवलत वयापुरती आहे, परवाना लुनालाही लागत होता.

आता एजंटाच्या पुस्तिकेकडे वळू. परक्या देशात आपला परवाना कशाच्या आधारे चालतो, तर रस्ते वाहतुकीविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारांच्या आधारे. त्यांपैकी आज महत्त्वाचे दोन आहेत, १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार. भारत जिनिव्हा करारात १९६२ मध्ये आणि जपान १९६४ मध्ये सामील झाला. रस्ते वाहतुकीविषयीच्या व्हिएन्ना करारात मात्र या दोघांपैकी एकही देश नाही. जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना दिल्याच्या तारखेपासून एक वर्ष चालतो, तीन वर्षांपर्यंतची मुदत व्हिएन्ना करारात आहे. म्हणजे तीन वर्षांची पुस्तिका जिनिव्हा कराराची असणे शक्य नाही, आणि जपान तर याच कराराच्या नमुन्यातील परवाना मानतो. संकेतस्थळांवरून विकल्या जाणाऱ्या तीन, पाच किंवा दहा वर्षांच्या रंगीत पुस्तिका कोणत्याही सरकारने दिलेल्या नसतात. त्या घेऊन रस्त्यावर उतरणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना असतो. ताईंनी एजंटाला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती परत मागावी, दिली नसेल तर देऊ नये.

खरा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याकडे आरटीओतूनच मिळतो. परवान्यांच्या सरकारी सारथी पोर्टलवर नमुना ४अ मध्ये अर्ज करायचा, १००० रुपये शुल्क भरायचे आणि मूळ परवाना व पासपोर्ट दाखवायचा, एवढीच ती प्रक्रिया आहे. वैद्यकीय प्रमाणपत्राची आणि वैध व्हिसाची अट केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये काढून टाकली. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने पुस्तिकेचा नमुना देशभर एकसारखा झाला आणि तिच्यावर मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोड आला. शहराचे एमएच-३१ चे गिरीपेठेतील कार्यालय असो, पूर्व नागपूरचे एमएच-४९ असो किंवा ग्रामीणचे एमएच-४०, हे काम सरळ आहे आणि त्यासाठी मध्यस्थाची गरज पडत नाही.

पुस्तिका हातात आल्यावर मात्र खिडकीपासून दूर जाण्यापूर्वी तिचे वर्गांचे पान उघडून पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या पानावर ए, बी, सी, डी आणि ई असे पाच वर्ग असतात. ए म्हणजे मोटारसायकल, बी म्हणजे चालकाखेरीज आठपर्यंत आसने आणि साडेतीन हजार किलोपर्यंत वजन असलेली मोटार, आणि पुढचे तीन जड वाहने, बस व ट्रेलरचे. ज्या वर्गाची परवानगी आहे त्याच्यासमोर शिक्का असतो. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाच्या पुस्तिकेवर बी समोर स्वच्छ शिक्का होता आणि ए समोरची जागा कोरी होती, कारण अर्ज भरताना त्याने केवळ चारचाकीचा वर्ग निवडला होता. हे त्याच्या लक्षात आले ते परदेशात भाड्याच्या दुकानदाराने स्कूटर द्यायला नकार दिल्यावर. तो दुकानदार जागरूक होता म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावले.

जपानच्या बाबतीत हा शिक्का अधिकच निर्णायक ठरतो. ज्याच्याकडे जपानचा साधा चारचाकीचा परवाना आहे, त्याला तेथे ५० सीसीची मोपेड चालवण्याची मुभा आपोआप मिळते. त्यावरून बरेच जण असे गृहीत धरतात की आंतरराष्ट्रीय परवान्यावर बी चा शिक्का असला की मोपेड चालेल. तसे नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर जपानमध्ये ५० सीसीची मोपेडदेखील ए वर्गातच मोडते, आणि केवळ बी च्या आधारे ती चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणे. उलट ए चा शिक्का असेल तर ५० सीसीची वेगळी अट उरत नाही, ११० किंवा १२५ सीसीची स्कूटरही चालते. ताईंच्या मुलीच्या भारतीय परवान्यावर बिनगिअरची दुचाकी आहे, तेव्हा तिला ए चा शिक्का मिळायला हवा. मात्र मूळ परवान्यावरची मर्यादा परदेशात नाहीशी होत नाही, हे ध्यानात ठेवून तिने तिकडेही बिनगिअरचीच गाडी चालवावी.

मुदतीचा हिशेब येथे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. जपानमध्ये हा परवाना उतरल्याच्या तारखेपासून एक वर्ष किंवा परवान्याची स्वतःची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो. म्हणून तो सहा महिने आधी काढून ठेवण्यात तोटाच आहे, निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढणे इष्ट. दुसरे असे की, तेथील रहिवासी म्हणून नोंद झालेली व्यक्ती जपानबाहेर गेली आणि तीन महिन्यांच्या आत परतली, तर ते परतणे नव्याने उतरणे मानले जात नाही. दिवाळीत पंधरा दिवस नागपूरला यायचे, गिरीपेठेतून नवी पुस्तिका घ्यायची आणि पुन्हा वर्षभर चालवायचे, हा मार्ग त्यामुळे बंद आहे. २०२१ पासून मुदत संपलेला आंतरराष्ट्रीय परवाना भारतीय दूतावासामार्फत पुन्हा मागण्याची सोय झाली आहे आणि ती अनेक देशांत उपयोगी पडते, पण जपानमध्ये वर्षभर राहून झालेल्या व्यक्तीला तिचा फायदा होत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना हा पाहुण्यासाठी असतो, आणि वर्षभराने कायदा त्या माणसाला पाहुणा मानत नाही.

पोलिसांनी थांबवल्यास आंतरराष्ट्रीय परवान्यासोबत पासपोर्टही दाखवावा लागतो, कारण उतरल्याची तारीख त्यावरूनच कळते. नागपूरचे मूळ स्मार्ट कार्डही जवळ असावे. मोबाइलमधील डिजिलॉकरची प्रत भारतात कायद्याने चालते, तेथे चालत नाही.

आता पहिल्या वर्षानंतर काय करायचे, हा मुख्य प्रश्न. दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचे गुणदोष वेगळे आहेत.

पहिला मार्ग म्हणजे भारतीय परवान्यावरून जपानी परवाना करून घेणे. काही निवडक देशांच्या परवानाधारकांना यासाठी परीक्षा माफ आहे, भारत त्या देशांमध्ये नाही. त्यामुळे ज्ञानचाचणी आणि प्रत्यक्ष वाहन चालवण्याची चाचणी अशा दोन्ही द्याव्या लागतात. पूर्वी ज्ञानचाचणी दहा प्रश्नांची होती आणि सात बरोबर आले की पुरे होत. १ ऑक्टोबर २०२५ पासून ती पन्नास प्रश्नांची झाली असून उत्तीर्ण होण्यासाठी नव्वद टक्के, म्हणजे पंचेचाळीस उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रत्यक्ष चाचणीही कडक झाली आहे आणि पर्यटक म्हणून आलेल्यांना ही सोय बंद झाली आहे. पाच-सात वर्षांपूर्वी तेथे गेलेल्या मंडळींनी सांगितलेला अनुभव आता लागू पडत नाही, एवढे समजून चालावे. परवान्याचे जपानी भाषांतर जपान ऑटोमोबाईल फेडरेशनकडून करून घ्यावे लागते. नागोया परिसरातील रहिवाशांचे हे काम हिराबारी येथील परवाना केंद्रात होते.

या मार्गातील एक अट अशी आहे जी नागपुरातूनच सांभाळावी लागते: परवाना मिळाल्यानंतर संबंधित व्यक्ती तो देणाऱ्या देशात एकूण किमान तीन महिने राहिलेली असली पाहिजे, आणि ते तिने पासपोर्टवरील शिक्क्यांवरून सिद्ध केले पाहिजे. म्हणून जुना, रद्द झालेला पासपोर्टही सोबत न्यावा. महाराष्ट्राच्या परवान्यावर प्रत्येक वाहनवर्गासमोर तो वर्ग मिळाल्याची तारीख छापलेली असते, ती काढून पाहावी. जाण्यापूर्वी घाईघाईने गिअरच्या दुचाकीचा वर्ग जोडून घ्यावा का, असेही ताईंनी विचारले आहे. त्यासाठी आधी शिकाऊ परवाना, मग किमान तीस दिवसांनी चाचणी, आणि त्यापुढे तीन महिने भारतात वास्तव्य, असा किमान चार महिन्यांचा अवधी हाती हवा. ती दोन महिन्यांत निघणार असेल तर नव्या वर्गाची तारीख या अटीत बसणार नाही आणि जपानी परवान्यासाठी त्याचा उपयोग होणार नाही. सहा किलोमीटरच्या प्रवासासाठी बिनगिअरची स्कूटर पुरेशी आहे. या घडीला त्या खटाटोपात पडू नये, असे माझे मत आहे.

नावाचा प्रश्नही आताच सोडवून घ्यावा. आपल्या परवान्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे एका ओळीत येते, तर पासपोर्टमध्ये कधी मधले नाव पहिल्या नावाला जोडलेले असते आणि कधी अजिबात नसते. लग्नानंतर एका कागदावर आडनाव बदलले आणि दुसऱ्यावर राहून गेले, असेही पुष्कळदा आढळते. परदेशातील कर्मचाऱ्याला आपली नावांची पद्धत माहीत असण्याचे कारण नाही. त्याला दोन कागदांवर दोन वेगवेगळी माणसे दिसतात. परवान्यातील नाव पासपोर्टप्रमाणे करून घेणे आणि आरटीओकडून परवान्याचा उतारा घेऊन ठेवणे ही दोन्ही कामे निघण्यापूर्वी उरकावीत. कार्डाचे नूतनीकरण झालेले असेल आणि पहिल्यांदा परवाना कधी मिळाला याविषयी शंका घेतली गेली, तर तो उतारा फार उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग पुष्कळांना ठाऊकच नसतो. जपानमध्ये मोपेडसाठी एक स्वतंत्र छोटा परवाना आहे. वयाची अट सोळा वर्षे. दृष्टिचाचणी आणि लेखी परीक्षा द्यायची, गाडी हाताळण्याचे काही तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, आणि हे सारे सहसा एका दिवसात आटोपते. अनेक प्रांतांत लेखी परीक्षा इंग्रजीतही देता येते. प्रत्यक्ष चाचणीचा ताण नसल्याने, केवळ स्थानकापर्यंत जाण्यायेण्याची सोय हवी असणाऱ्यासाठी हा मार्ग पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे. एप्रिल २०२५ पासून या परवान्याची व्याप्तीही बदलली. नव्या प्रदूषण मानकांत ५० सीसीची इंजिने बसवणे कंपन्यांना परवडेनासे झाले, म्हणून १२५ सीसीपर्यंतची पण ४ किलोवॅटपेक्षा अधिक शक्ती नसलेली गाडी याच वर्गात घेण्यात आली. येथे सावध राहायला हवे. बाजारात मिळणाऱ्या साध्या १२५ सीसीच्या स्कूटरची शक्ती याहून बरीच जास्त असते आणि ती मोपेडच्या परवान्यावर चालत नाही. दोन्ही गाड्या दिसायला जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे क्रमांकाच्या पाटीचा रंग पाहावा. मोपेड वर्गाची पाटी पांढरी असते, ९० सीसीवरील साध्या स्कूटरची गुलाबी.

मोपेड वर्गाला काही बंधने आहेत. ताशी ३० किलोमीटरच्या वर वेग नेता येत नाही, मागे कोणालाही बसवता येत नाही, आणि तीन किंवा अधिक मार्गिकांच्या सिग्नलच्या चौकात उजवीकडे वळायचे असेल तर थेट वळता येत नाही. डाव्या कडेने सरळ चौक ओलांडायचा, पलीकडे गाडी उजवीकडे तोंड करून थांबवायची आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाल्यावर पुढे जायचे, अशी दोन टप्प्यांची पद्धत आहे. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असल्याने भारतीय माणूस तेथे लवकर रुळतो, पण ही वळण्याची पद्धत आणि लाल उलट्या त्रिकोणाच्या पाटीपाशी चाके पूर्ण थांबवण्याचा नियम, या दोन गोष्टी मुद्दाम अंगवळणी पाडून घ्याव्या लागतात. पाटीपाशी वेग कमी करून हळूच पुढे निघणे तेथे नियमभंग समजला जातो, रस्ता मोकळा असला तरीही.

माझा सल्ला विचाराल तर तिने आधी परवान्याचा मार्ग ठरवावा आणि मग गाडी घ्यावी. बहुतेक जण उलटे करतात. पहिल्या वर्षी ए च्या शिक्क्यावर १२५ सीसीची स्कूटर घेतात, वर्ष संपते, हाती फक्त मोपेडचा परवाना येतो आणि गाडी दारात उभी राहते. १२५ सीसीची गाडी पुढेही चालवायची असेल तर भारतीय दुचाकी वर्गाचे जपानी परवान्यात रूपांतर तरी करावे लागेल किंवा तेथील वाहनशाळेत १२५ सीसीपर्यंतच्या ऑटोमॅटिक दुचाकीचा परवाना नव्याने काढावा लागेल. रस्त्यावर ट्रक आणि बस वेगाने जात असतील तर ताशी ३० च्या मोपेडपेक्षा १२५ सीसीची गाडी मला अधिक सुरक्षित वाटते. तिचा रस्ता गल्ल्यांमधून जाणारा असेल तर मोपेड पुरेशी आहे. चारचाकीच्या वर्गाचे रूपांतर करून घेतल्यास मोपेडची मुभा त्यातच मिळते, त्यामुळे पुढे कधी मोटार चालवायची असल्यास तोही विचार करावा. कोणताही मार्ग निवडला तरी तयारी सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू व्हायला हवी. प्रत्यक्ष चाचणीत पहिल्या खेपेला नापास होणे सर्रास घडते आणि पुढची तारीख लगेच मिळेल असे नसते.

विम्याविषयी अधिक सविस्तर लिहितो, कारण अपघाताच्या दाव्यांत कुटुंबे कशी होरपळतात हे मी जवळून पाहतो. जपानमध्ये प्रत्येक मोपेडला सक्तीचा दायित्व विमा लागतो. तो दुसऱ्याच्या शारीरिक हानीपुरता असतो: मृत्यूसाठी कमाल तीन कोटी येन, कायमच्या गंभीर अपंगत्वासाठी कमाल चार कोटी येन आणि इजेसाठी केवळ बारा लाख येन. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान त्यात येत नाही, चालवणाऱ्याची स्वतःची इजाही येत नाही. २५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना ठराविक काळाने होणारी सक्तीची तपासणी नसल्याने हा विमा संपल्याचे लक्षातही येत नाही. त्याच्या मुदतीचे वर्ष आणि महिना क्रमांकाच्या पाटीवरील एका लहानशा चौकोनी स्टिकरवर असतो, जुनी गाडी घेताना तो पाहावा. सक्तीच्या विम्यावर ऐच्छिक विमा घेणे मी अपरिहार्य मानतो. अनेक कंपन्या ऐच्छिक विम्याशिवाय कर्मचाऱ्याला दुचाकीने कामावर येऊही देत नाहीत, तेव्हा तिने नोकरीच्या ठिकाणी आधी विचारून घ्यावे.

परवाना चुकीचा असला तर विम्याचे काय होते? आपल्याकडे २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी राहिली आहे की, परवान्यात दोष असला तरी अपघातग्रस्ताला भरपाई मिळण्याचा मार्ग मोकळा राहावा आणि विमा कंपनीला योग्य प्रकरणी ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करता यावी. जपानमध्येही अपघातग्रस्ताचे संरक्षण राहते, पण विनापरवाना चालवणाऱ्याच्या स्वतःच्या इजेचे आणि गाडीचे पैसे ऐच्छिक विम्यातून मिळत नाहीत. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यातही वैध परवान्याशिवाय वाहन चालवताना झालेली इजा सहसा वगळलेली असते. त्याखेरीज विनापरवाना वाहन चालवणे हा तेथे फौजदारी गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख येनपर्यंत दंड अशी शिक्षा आहे, आणि परवाना नाही हे माहीत असून गाडी देणाराही शिक्षेस पात्र ठरतो. भारतात परतणारे मित्र जाताना आपली स्कूटर ‘घे, चालव’ म्हणून देऊन जातात, हा तेथील आपल्या मंडळींमधला नेहमीचा प्रकार आहे. अशी गाडी घ्यायची असेल तर १२५ सीसीपर्यंतच्या गाडीची नोंद शहराच्या नगरपालिका कार्यालयात होते, तेथे जाऊन ती स्वतःच्या नावावर करावी आणि विमाही नावावर करून घ्यावा.

इतर देशांत जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने भारतीय परवाना भाषांतरासह चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ताशी ४५ किलोमीटरच्या ५० सीसी गाडीसाठीही परवाना लागतोच. अशा गाडीची विम्याची पाटी दर वर्षी १ मार्चला बदलते आणि तिचा रंगही बदलतो. ग्रेट ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून बारा महिने भारतीय परवान्यावरील वर्गाची छोटी वाहने चालवता येतात, पुढे तेथील शिकाऊ परवाना आणि एक दिवसाचे सक्तीचे मूलभूत प्रशिक्षण घेऊन एल पाटीसह १२५ सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. त्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दोन वर्षे टिकते, तोवर पक्क्या परीक्षा द्याव्यात. थायलंड दोन्ही करारांत असल्याने नागपूरची पुस्तिका ए च्या शिक्क्यासह तेथे चालते, दीर्घकाळ राहणाऱ्यांनी स्थानिक दुचाकी परवाना काढावा. आखाती देशांपैकी संयुक्त अरब अमिरातींत निवासी व्हिसा मिळाला की तेथील परवाना आवश्यक होतो आणि दुचाकीचा वर्ग चारचाकीहून वेगळा असतो. डिलिव्हरीच्या कामासाठी जाणाऱ्या मुलांनी हे करार करतानाच विचारून घ्यावे.

व्हिएतनामविषयी विशेष सावध करतो. तो देश व्हिएन्ना करारातील परवाना मानतो, आणि भारत त्या करारात नसल्याने आपल्या आरटीओची पुस्तिका तेथे उपयोगी पडत नाही. पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या स्कूटर बहुधा ११० ते १२५ सीसीच्या असतात, म्हणजे ५० सीसीच्या सवलतीबाहेरच्या. दुकानदार पासपोर्ट ठेवून घेऊन गाडी देतो आणि परवाना विचारत नाही, यावरून ती चालवणे कायदेशीर आहे असे कृपया समजू नये. तेथे नोकरीनिमित्त राहणाऱ्यांनी भारतीय परवान्यावरून स्थानिक परवाना करून घ्यावा. जानेवारी २०२५ पासून तेथील ए१ वर्ग १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे.

ताईंच्या मुलीसाठी अजून एक काम राहते. सारथी पोर्टलवरील बहुतेक अर्जांना परवान्याच्या नोंदीतील मोबाइल क्रमांकावर ओटीपी येतो. परदेशी गेल्यावर रिचार्ज राहून जाते, सिम बंद पडते, आणि मग परवान्याचा उतारा किंवा हरवलेल्या कार्डाची दुसरी प्रत हवी असेल तर आईवडील नागपुरात असूनही अर्ज पुढे सरकवू शकत नाहीत. निघण्यापूर्वी तिच्या परवान्याच्या नोंदीत घरातील कायम चालू राहणारा क्रमांक टाकून घ्यावा. आधारवरून ओळख पटवण्याची सेवा वापरायची असेल तर आधारला जोडलेला क्रमांकही चालू आहे ना, ते त्याच दिवशी पाहून घ्यावे.